रान आणि कॅमेरा : पळस फुलण्याआधी

गेल्या भागात आपण तलावाकाठी बसून हिवाळी पाणपक्ष्यांचे फोटो कसे घ्यायचे ते पाहिलं. या आठवड्यात पाणी सोडून कोरड्या बांधावर जाऊ. जिंतूर-जालना रस्त्याला सेलूकडचा रस्ता मिळतो तो देवगाव फाटा. तिथून चारठाण्याच्या दिशेने निघालं की शेतांच्या बांधांवर, नाल्याकाठी, गायरानात पळस दिसू लागतात. वसंताच्या फोटोंसाठी लांबच्या अभयारण्यातच जावं लागतं, ही समजूत परभणी जिल्ह्यातल्या माणसाने तरी मनातून काढून टाकावी.

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा. आपल्याकडची झाडं मात्र माघातच कामाला लागतात. पळसाची पानं गळत असतानाच फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस धरतात. दुरून पाहणाऱ्याला झाड वाळल्यासारखं वाटतं आणि बहुतेक जण तिथूनच पुढे जातात. माझं म्हणणं असं, की फोटो काढायला सुरुवात नेमकी इथे करावी. झाड पूर्ण पेटल्यावर रस्त्याने जाणारा प्रत्येक जण मोबाइल काढतो. कळीचा मखमली काळा पेला जरासा फाटून आतला केशरी रंग डोकावतो, ते दिवस थोडे असतात आणि त्यांचे फोटो फारच कमी पाहायला मिळतात.

एक फूल अगदी जवळून पाहा. पाकळ्या पाच. एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूंना आणि उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार झालेल्या. या चोचीत पुंकेसर आणि तळाशी मध. पाकळ्यांवर बारीक रुपेरी लव असते. समोरून उजेड पडला तर ती दिसत नाही. ऊन बाजूने किंवा मागून आलं की पाकळीची कड उजळते आणि लव उठून दिसते. म्हणून सकाळी सातच्या सुमारास, सूर्य खाली असतानाच झाडाजवळ असावं. नऊ-साडेनऊनंतर ऊन टोचायला लागतं आणि सावल्या काळ्या पडतात.

पळसाचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा रंगामुळे. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा मोजतो. या फुलात लाल इतका असतो, की बाकीचं चित्र नीट दिसेपर्यंत लाल काठोकाठ भरून सांडलेला असतो. मग पाकळीवरच्या शिरा, लव, घड्या सगळं पुसलं जाऊन नुसता केशरी डाग उरतो. यावर उपाय सोपा. मोबाइलवर फुलाला बोट लावा आणि बाजूला येणारी सूर्याची खूण खाली ओढा. फोटो किंचित काळवंडलेला वाटला तरी चालेल. अंधारातला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो, सांडलेला रंग परत मिळत नाही. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर एका पायरीने कमी ठेवा आणि शक्य असल्यास रॉ फाइल घ्या.

फुलं उघडली की पाहुणे येतात. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, खारी आणि थव्याने येणारी पळसमैना, जिला भोरडी असंही म्हणतात. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा पक्षी मध्य आशियाकडे वीण करतो आणि हिवाळा आपल्याकडे काढतो. ज्वारीत दाणा भरला की शेतकरी गोफण घेऊन त्याला हाकलतो. तोच पक्षी पळसावर मध पिताना परागकण डोक्याला लावून दुसऱ्या फुलाकडे जातो. एप्रिलपर्यंत हे थवे परतीला लागतात. पक्ष्यामागे धावू नका. मध असलेला एक घोस हेरून तिथे कॅमेरा रोखून थांबा, पक्षी आपणहून येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकच झाड निवडा आणि दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून त्याचा फोटो घ्या. सोबत तारीख आणि गावाचं नाव लिहून ठेवा. जपानमधल्या क्योतो शहरात चेरी कधी बहरली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. त्या यासुयुकी आओनो या संशोधकांनी जुन्या रोजनिश्यांमधून गोळा केल्या. म्हणूनच 2021 साली 26 मार्चला आलेला पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा होता, हे सांगता आलं. त्या रोजनिश्या लिहिणारे काही शास्त्रज्ञ नव्हते. आपल्या देशातही सीझनवॉच या उपक्रमात शाळकरी मुलं आणि सामान्य नागरिक ठरलेल्या झाडाची पालवी, फुलं, फळं दर आठवड्याला नोंदवतात. तुमच्या बांधावरचा पळस त्या नोंदीत यायला काहीच अडचण नाही.

पुढे काटेसावर, पांगारा, मग पिंपळाची तांबूस पालवी आणि पाडव्याच्या आगेमागे कडुनिंबाचा मोहर, असा क्रम फाल्गुन-चैत्रात लागतो. त्यांच्याकडे सवडीने येऊ.

शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा, उभ्या हरभऱ्यात पाय घालू नका, फुलांसाठी फांदी वाकवू नका. फाट्याजवळ वाहनांची वर्दळ असते, डांबरी रस्त्यावर उभं राहून फोटो काढू नका. शेतकरी बांधवांनाही एक विनंती. रब्बीची काढणी झाल्यावर बांधावरचं गवत पेटवलं जातं, त्यात ऐन कळीतला पळस होरपळतो आणि कोवळी रोपं तर मरतातच. यंदा पळस असलेला बांध तेवढा जाळू नका.