संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती : शोध आणि अर्ज

‘शिष्यवृत्ती’ आणि ‘अधिछात्रवृत्ती’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु अर्जदाराने त्यांतील भेद ध्यानी घ्यावा. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी असते, तर अधिछात्रवृत्ती हे पूर्णवेळ संशोधनासाठी दरमहा मिळणारे विद्यावेतन होय. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याची अट होती. आजच्या अधिछात्रवृत्तीची अट निराळी आहे : ती घेत असताना अन्य नोकरी करता येत नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना हीच अट सर्वांत जड जाते. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर २०२२ च्या विनियमांनुसार नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अंशकालीन पीएच.डी. करता येते. मात्र त्या वाटेने विद्यावेतनाची अपेक्षा धरू नये.

प्रमुख मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेचा. ती वर्षातून दोनदा होते. एम.ए.ला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांस ५०) आवश्यक असून अंतिम वर्षाचे विद्यार्थीही तिला बसू शकतात. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. वयोमर्यादा ३० वर्षांची आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत आहे. उशिरा शिक्षण सुरू केलेल्यांनी हा हिशेब बी.ए.लाच मांडावा. मराठी विषयाची दुसरी प्रश्नपत्रिका मराठीत असते, पहिली मात्र हिंदी किंवा इंग्रजीत. आपले विद्यार्थी बहुधा तिथेच अडखळतात, म्हणून तिचा सराव आधी सुरू करावा.

वय उलटून गेले तरी ‘नेट’ व्यर्थ नाही. जून २०२४ पासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरले जातात आणि त्या प्रवेशाला वयाची अट नाही. याखेरीज राज्य शासनाच्या संस्था आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती. त्यांच्या जाहिराती संकेतस्थळांवर येतात आणि अटी दर वेळी बदलू शकतात. गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबून राहणे धोक्याचे. येथे क्रमही उलटा असतो : आधी पीएच.डी.ला प्रवेश, मग अर्ज. जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.

प्रवेशासाठी विषय सुचला पाहिजे, आणि तो दूर शोधण्याचे कारण नाही. जालन्याच्या बियाणे आणि पोलाद उद्योगांतील कामगारांची शब्दकळा, जांबसमर्थ परिसरातील बोली, निजामकालीन कागदपत्रांतील उर्दू-मराठी मिश्रण, यांपैकी प्रत्येक विषय स्वतंत्र प्रबंध पेलू शकेल. आराखड्यात ‘अभ्यास करणार आहे’ एवढेच लिहू नये. कोणत्या गावांत, किती भाषकांकडून, कशी सामग्री जमविणार, हे सांगावे. ‘समग्र’ हा शब्द शीर्षकात आला की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, असा आमचा अनुभव आहे.

कागदपत्रे जाहिरातीनंतर जमवू लागल्यास मुदत निघून जाते. अधिवास, नॉन-क्रीमिलेअर आणि लागू असल्यास जात पडताळणी प्रमाणपत्र आधीच काढावे. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव ताडून पाहावे; फरक असल्यास राजपत्रातील नोंदीची प्रत अर्जाला जोडावी.