‘नैसर्गिकच आहे ना, मग काय होतंय?’ : गरोदरपण आणि वनस्पतींमधली रसायनं

घरात कुणी गरोदर असलं की सल्ल्यांना तोटा नसतो. पपईला हात लावू नको, आल्याचा रस घे, खोकला झालाय तर जेष्ठमध चघळ. यातला प्रत्येक सल्ला एकाच वाक्यावर येऊन थांबतो : ‘झाडपाल्याचंच आहे, त्याने काही होत नाही.’ पण वनस्पतीसुद्धा रसायनांचीच बनलेली असते. त्यातली काही रसायनं गर्भाला आवश्यक असतात, तर काही त्रासदायक ठरतात. कोणतं रसायन, किती प्रमाणात आणि कोणत्या वेळी, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

हिरव्या पानातलं फोलेट

या विषयाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांमध्ये एक गंभीर रक्तक्षय आढळत होता, त्याचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं, हे मात्र तेव्हा कळलेलं नव्हतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या भाजीतून एक पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या ‘फोलियम’ म्हणजे ‘पान’ या शब्दावरून त्याचं नाव फॉलिक ॲसिड ठेवलं. विल्सच्या अर्कातला गुणकारी घटक याच फोलेट गटातला होता.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. या काळात फोलेट कमी पडलं तर नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. ज्यांच्या आधीच्या बाळात असा दोष होता, अशा स्त्रियांना फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, असं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून डॉक्टर मूल हवं असं ठरल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवतात. भाज्या खायच्याच, पण फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नष्ट होतं. भाजी उकळून पाणी ओतून दिलं, तर बरंचसं फोलेट मोरीत जातं.

चहा आणि लाल गोळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून सरकारी आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं.

आता ही गोळी घेतात कशाबरोबर, ते बघा. बऱ्याच घरांत चहाबरोबर! चहातली पॉलिफेनॉल्स लोहाला धरून ठेवतात, मग आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही. गोळी रोज पोटात जाते, तरी हिमोग्लोबिन म्हणावं तसं वाढत नाही. उपाय अगदी साधा आहे. जेवण किंवा गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवायचं आणि जेवणात लिंबू, आवळा, पेरू असं काहीतरी घ्यायचं. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

कॅफिनचंही लक्षात ठेवा. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि गरोदरपणी आईच्या शरीरातून बाहेर पडायला जास्त वेळ घेतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन पोटात जात असेल तर ते कमी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पपई, आलं, जेष्ठमध, एरंडेल

कच्च्या पपईत पांढरा चीक असतो. सिंगापूरमधल्या एका अभ्यासात (२००२) या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले, पण पिकलेल्या पपईच्या रसाने तसं झालं नाही. हा प्रयोग प्राण्यांवरचा आहे, तरी कच्ची पपई टाळण्यामागचं कारण त्यातून समजतं. म्हणजे फळ एकच, पण पिकताना त्यातला चीक कमी होतो आणि उत्तर बदलतं.

आलं मळमळीवर उपयोगी पडतं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या मळमळीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सुचवलं आहे. जेष्ठमधाचं तसं नाही. त्यातलं ग्लिसरायझिन आईच्या ताणाच्या संप्रेरकापासून बाळाला वाचवणाऱ्या वारेतल्या एन्झाइमला रोखतं आणि जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाबही वाढवतं. एरंडेलातलं रिसिनोलिक ॲसिड आतड्याप्रमाणेच गर्भाशयाच्या स्नायूंनाही चेतवतं. त्यामुळे ‘कळा येत नाहीत, दे चमचाभर’ असं घरच्या घरी करू नये.

शाळेत काय करता येईल?

आठवी-नववीच्या मुलींना आपण शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतो. तिच्यातही लोह आणि फॉलिक ॲसिडच असतं. ती देताना दोन वाक्यं जास्त बोलूया : उपाशीपोटी घेऊ नका आणि घेतल्यावर लगेच चहा पिऊ नका. मुलगे असतील तर त्यांनाही सांगूया, कारण उद्या घरात चहा आणि गोळी एकत्र पुढे करणारे तेही असू शकतात. घरातून पाच वनस्पती लिहून आणायला सांगा आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने आखा : त्यात काय असतं, किती घेतात, कधी घेतात. जो रकाना रिकामा राहील, तो प्रश्न आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारायचा.

आजीच्या बटव्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्या बटव्यात आलं आहे, तसंच जेष्ठमधही आहे. सुनेला किंवा लेकीला त्यातलं काहीही देण्याआधी, ती कितव्या महिन्यात आहे आणि कोणती औषधं घेते, एवढं डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.