फ्यूज उडतो तेव्हा

आसगावहून धान भरून रात्री निघालेल्या जुन्या ट्रकचा मागचा दिवा बंद पडला, की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेतते. आमच्या भाच्याच्या गाडीचा फ्यूज सारखा उडे, म्हणून त्याने तिथे तांब्याची तार गुंडाळली. अशाने फ्यूज वाचतो, वायर जळते!

मिस्त्रीने तार फेकली. फ्यूजच्या जागी गाडीच्याच व्होल्टचा बल्ब जोडला, दिव्यांचे बटण दाबले. बल्ब भक्क पेटला, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली. मग एकेक जोड सोडत गेला. मागच्या दिव्यांचा जोड सुटताच बल्ब मंदावला. त्या वायरवर हात फिरवत गेल्यावर चेसिसच्या भोकातले रबर झिजलेले सापडले.

फ्यूज शाबूत असून दिवा मिणमिणत असेल, तर आधी अर्थिंगचा गंज खरवडावा. भाच्याने नुसता बल्ब बदलून पाहिला होता, दोनदा.