दत्तक गावाचं वेळापत्रक

राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एन.एस.एस.च्या, स्वयंसेवकाची कारकीर्द दोन वर्षांची. दरवर्षी १२० तासांचं काम, मध्ये एक सात दिवसांचं निवासी शिबिर, मग प्रमाणपत्र. गटप्रमुख बदलतात, काही वर्षांनी कार्यक्रम अधिकारीही बदलतो. दत्तक गाव मात्र तिथंच असतं आणि नव्या तुकडीला सगळं पहिल्यापासून समजावून सांगत राहतं. यंदा मी कार्यक्रम अधिकाऱ्याची जबाबदारी सोडतो आहे. फावडी, घमेली, नोंदवह्या, कपाटाची किल्ली नव्या गटप्रमुखांकडे गेली. पण या वर्षांत मला जे सर्वांत मोलाचं वाटलं, ते कपाटात नव्हतं.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५९ मध्ये, चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. तिनं सुचवलेली राष्ट्रसेवा सक्तीची होती आणि नऊ महिने ते वर्षभराची होती. ती मागे पडली, ऐच्छिक सेवा आली. सक्ती टळली हे चांगलंच झालं. तरी वर्षभर एकाच गावात राहणाऱ्याला जे आपोआप दिसतं, ते सात दिवसांच्या पाहुण्याला दिसत नाही. गावाचं वर्ष महाविद्यालयाच्या वर्षासारखं चालत नाही.

आमचं गाव अवर्षणाच्या पट्ट्यातलं. शिबिरं होतात सत्र परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. त्यात कुटुंब सर्वेक्षण ठरलेलंच. मुलं उत्साहानं घरोघर फिरत, अर्ज भरत. कागदावर गाव म्हाताऱ्यांचं आणि लहान मुलांचं दिसे, कारण दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरांतली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असत, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नसत. आजीच्या भरवशावर मागे राहिलेल्या मुलांची शाळा, कारखान्याच्या तळावर गेलेल्या गरोदर सुनेच्या तपासण्या, चुकलेल्या लसी यांबद्दल बोलायला घरात माणूसच नसे. ते सर्वेक्षण एका वर्षी आम्ही सप्टेंबरात घेतलं. अर्ज तेच, प्रश्न तेच, पण उत्तरं अगदी वेगळी आली. बायका स्वतःहून बोलल्या. गाव सोडण्याआधी मुलांना कोणाकडे ठेवायचं हाच त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो आमच्या अर्जात नव्हता. पुढच्या शिबिरात मुलांसाठी रोज संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू झाला तो त्या उत्तरांमुळे. शिबिर संपल्यावरही शनिवारी जाऊन तो टिकवला. इतक्या वर्षांतलं मला सर्वांत जवळचं वाटणारं काम हेच.

वनराई बंधाऱ्याचंही तसंच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि सांधेमोड करत थर रचायचे. पन्नास स्वयंसेवक असले की लहान ओढ्यावर एका दिवसात काम उभं राहतं. पण पावसाळा सरताना ओढा वाहता असतो तेव्हाच तो घातला पाहिजे. आमच्या भागात जानेवारीत अडवायला पाणीच उरत नाही. म्हणून बंधारा शिबिरातून काढून ऑक्टोबरच्या रविवारांवर नेला, नियमित तासांत तो सहज बसतो. नवे गटप्रमुख विचारतात, मागच्यांनी केलं तेच पुन्हा का? कारण हा बंधारा कच्चा असतो, पुढच्या पावसाळ्यातल्या पुरात जातो. खालच्या विहिरींना दरवर्षी पाणी लागतं. तुमच्या वर्षात नवं काही झालं नाही, फक्त तोच बंधारा वेळेवर झाला, तर त्यात कमीपणा मानू नका.

झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरल्याशिवाय जुलैत खड्डा घेऊ नका. पाच झाडांची हमी असेल तर पाचच लावा.

रक्तदानाचा हिशेबही ऋतूंचाच आहे. साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. स्थापना दिनाला एकाच दिवशी विक्रमी संख्या जमवली तरी त्या रक्ताचा मेमध्ये उपयोग नसतो, आणि तुटवडा नेमका तेव्हा असतो, कारण महाविद्यालयं बंद असतात आणि नेहमीचे रक्तदाते गावी गेलेले असतात. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तेव्हा रक्तगटांची यादी करताना सुट्टीत कोण कुठं असतो तेही लिहा, आणि वर्षाचे दिवस रक्तपेढीला विचारून ठरवा.

हे सारं नोंदवहीत लिहून ठेवलं आहे, महिन्यांच्या क्रमानं. पण वाचून भागणार नाही. जुन्या गटप्रमुखांनी नव्यांना घेऊन गावात जावं, सरपंचांना भेटून परत फिरू नये. आशाताई, अंगणवाडीताई, नळाला पाणी सोडणारे काका, कोयत्याच्या टोळीचे मुकादम यांच्याशी नावानिशी ओळख करून द्यावी. मुकादमाला टोळी कोणत्या दिवशी निघणार हे सर्वांत आधी माहीत असतं. यंदाची पहिली फेरी जुलैच्या लसीकरण सत्राला धरून ठरवली आहे. आशाताईंनी नव्या दोन्ही गटप्रमुखांना सकाळी नऊला उपकेंद्रावर बोलावलं आहे. जुन्या गटप्रमुख मुली त्यांच्याबरोबर जाणार आहेत, मी नाही.