हाडं गुहेत सापडली, म्हणून प्राणी गुहेतच राहत होते?

गुहेच्या तळाशी उंदरांचे हजारो दात सापडले की पहिला तर्क ठरलेला असतो: हे उंदीर इथेच राहत, इथेच मेले. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. हे दात तिथे शिकाऱ्यानं आणलेले असतात, आणि तो शिकारी अनेकदा घुबड असतो. आपल्याकडचं गव्हाणी घुबड घ्या. ते लहान भक्ष्य सहसा अख्खं गिळतं, मांस पचवतं आणि केस, हाडं, दात यांचा घट्ट गोळा तोंडावाटे टाकून देतं. पक्षीनिरीक्षक त्याला पेलेट म्हणतात. बसायची जागा ठरलेली असल्यानं पेलेटचे थर साचतात. कालांतरानं केस कुजतात, हाडं मातीत उरतात. म्हणजे गुहेतली हाडं आजूबाजूच्या माळावरची, झुडपांमधली, पाणथळीतली असतात.

अमेरिकेतल्या युटा राज्यातली होमस्टेड गुहा याचं उत्तम उदाहरण आहे. संशोधक डोनाल्ड ग्रेसन यांनी तिथली लाखाहून अधिक हाडं ओळखली. हा सुमारे 13,000 वर्षांचा सलग इतिहास आहे, आणि तो बराचसा घुबडांनीच जमवला आहे.

गैरसमज: मग ही त्या काळची शिरगणतीच झाली.
नाही. घुबड रात्री शिकार करतं, ठरावीक टप्प्यातच फिरतं, त्याला पेलेल एवढंच भक्ष्य पकडतं. म्हणून आधी शिकारी कोण, हे ठरवावं लागतं. पीटर अँड्र्यूज यांनी 1990च्या पुस्तकात याची पद्धत घालून दिली: जठरातल्या आम्लानं दातांचं इनॅमल किती झिजलं आहे आणि हाडं किती मोडली आहेत, ते पाहायचं. गव्हाणी घुबडाच्या पोटातून आलेले दात जवळपास शाबूत असतात. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात झीज वाढते. कोल्ह्यासारख्या मांसाहारी प्राण्यांनी खाल्लेल्या हाडांचा तर चुराच होतो. मोजणीतही सावधगिरी लागते. एका उंदराची अनेक हाडं असतात, म्हणून समजा, फक्त डावे खालचे जबडे मोजून किमान किती उंदीर होते ते काढतात.

पण म्हणून हा पुरावा कुचकामी ठरत नाही. रेबेका टेरी यांनी पश्चिम अमेरिकेतल्या ग्रेट बेसिन या रुक्ष प्रदेशात पेलेटमधल्या हाडांची तुलना पिंजऱ्यात पकडलेल्या जिवंत प्राण्यांशी केली. कोणती जात जास्त, कोणती कमी, हा क्रम हाडांनी बराचसा बरोबर दाखवला. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष आहे.

गैरसमज: थरातून नाहीशी झालेली जात नामशेष झाली.
होमस्टेडच्या जुन्या थरांत मार्मोट (खारीच्या कुळातला मोठा प्राणी) आणि पिग्मी ससे आहेत. हवामान तापत, कोरडं होत गेलं तसे ते तिथून गेले आणि रुक्ष जमिनीत तगणारे कांगारू उंदीर वाढले. मार्मोट आणि पिग्मी ससे आजही अमेरिकेत इतरत्र आहेत.

गैरसमज: हिमयुगाच्या अखेरीचा फटका फक्त मॅमथसारख्या मोठ्या प्राण्यांना बसला.
उत्तर कॅलिफोर्नियातल्या सॅमवेल गुहेवर 2010 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं हे खोडून काढलं. तिथली लहान प्राण्यांची विविधता तेव्हा घटली आणि डिअर माउस ही एकच काटक जात वरचढ झाली. जाती जिवंत राहिल्या तरी समाज विस्कटू शकतो, आणि यादीत नुसती नावं मोजणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

खोल तेवढं जुनं, हा नियमही बिनशर्त नाही. बिळं खणणारे प्राणी आणि वाहतं पाणी थर मिसळतात, म्हणून शक्य तिथे हाडांचंच रेडिओकार्बन कालमापन करतात.

भारतातही असा ठेवा आहे. आंध्र प्रदेशात कर्नूल परिसरातल्या चुनखडीच्या गुहांमध्ये भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांच्या मुलानं 1880च्या दशकात उत्खनन केलं. अशा गुहा पाहायला गेलात, तर तळाची माती उकरू नका आणि सापडलेलं हाड खिशात घालू नका. थरातून सुटलेल्या दाताचा काळ सांगणं फार अवघड होऊन बसतं.