साखरेचे बेट

मुलांनो, दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसे ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कुणी कर्नाटकात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एखादा दिवस काम चुकले, की खाडा धरला जातो. तुमच्या वर्गातील एखादे बाकही या दिवसांत रिकामे दिसत असेल.

ऊस तोडण्यासाठी घर सोडणारी माणसे पूर्वीही होती. एकोणिसाव्या शतकात काही मराठी माणसे याच कामासाठी समुद्र ओलांडून मॉरिशसला गेली आणि कायमची तेथेच राहिली. त्यांची हकीकत आज वाचू या.

मॉरिशस हा हिंदी महासागरातील एक छोटा बेटांचा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साधारण एक पंचमांश आहे. १८१० साली तो इंग्रजांच्या ताब्यात आला. तेथील उसाच्या मळ्यांत गुलाम राबत असत. १८३५ साली तेथे गुलामगिरी बंद झाली. मग मळेवाल्यांना मजूर कोठून मिळणार? त्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर त्या बंदरात उतरले. ते कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून निघत. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसे पुष्कळ होती.

हे मजूर करारावर जात. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचे लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि मजुरांना 'गिरमिटिया' म्हणू लागले. करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. शिवाय शिधा मिळे. पण अनेकांना त्या कागदावर काय लिहिले आहे, हे वाचता येत नव्हते. त्यांनी नुसती खूण केली. मळ्यावर गेल्यावर कळले, की एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापला जातो! आपल्याकडचा खाडा आठवला ना?

कराराची मुदत संपल्यावर काही जण परतले, पण बरेच जण तेथेच राहिले. पै-पै साठवून कित्येकांनी जमिनीचे लहान तुकडे घेतले. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी तेथे थांबले होते. मुलांना शाळेत घाला, असा सल्ला त्यांनी या लोकांना दिला. मजुरांची मुले शिकली. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. त्याचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे एका गिरमिटिया मजुराचेच पुत्र होते. ज्या ठिकाणी मजूर उतरत, त्याला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरविले.

आता त्यांच्या भाषेकडे पाहा. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी ते क्रिओल शिकले. कचेरीसाठी इंग्रजी आणि फ्रेंच शिकले. आज बहुतेक मराठी घरांत क्रिओलच बोलली जाते. तरीही तेथील शाळांत मराठी शिकविली जाते आणि उर्दूही शिकविली जाते! गणेश चतुर्थी आणि ईद या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

आजही परदेशी राहायला जाणाऱ्याला तेथील भाषा लागतेच. दूर उत्तरेला आइसलँड नावाचा एक बेटाचा देश आहे. त्याची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. एवढ्या थोड्या लोकांनी आपली भाषा जिवापाड जपली आहे. बाहेरून आलेल्याला तेथील नागरिक व्हायचे असेल, तर सामान्यतः आइसलँडच्या भाषेची परीक्षा द्यावी लागते.

मुलांनो, उर्दू तुमच्या घरची भाषा आहे. तिला जपा. मराठी ही शेजारपाजारची, बाजाराची आणि कचेरीची भाषा आहे. ती नीट शिका. कुणी तुमच्या घरी कागद आणला आणि 'येथे अंगठा उठवा' म्हणाला, तर तो आधी मोठ्याने वाचून दाखवा. गिरमिटिया मजुरांजवळ असे वाचून दाखविणारे कुणी नव्हते. तुमच्या घरात तुम्ही आहात.

शब्दार्थ
करार – मुआहिदा
मुदत – मीआद
शिधा – राशन
वारसा – विरासत

स्वाध्याय
१. मॉरिशसच्या मळेवाल्यांना हिंदुस्थानातून मजूर का न्यावे लागले?
२. 'गिरमिट' हा शब्द कसा तयार झाला?
३. ऊसतोडीला जाऊन आलेल्या एखाद्या माणसाला भेटा. त्यांच्या कामाविषयी मराठीत दहा वाक्ये लिहा.