नळी कशानं काळी झाली?

माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या डब्यात बोटभर लांबीची पितळी नळी निघते. टोपण फिरवून उघडलं की टोपणालाच जोडलेला बारीक चमचा बाहेर येतो. घरात कुणी तिला सुरमेदाणी म्हणतं, कुणी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. तेलाची कुपी हे बरोबर आहे, पण मशीन वेगळं. लष्कराच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागात, ही कुपी ठेवलेली असे.

विदर्भातल्या गिरडसारख्या गावात अशी वस्तू निघाली तर नवल नाही. नागपूरजवळच्या कामठीला 1821 साली छावणी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटची दुसरी पलटण तिथेच उभी राहिली. पेन्शनीत गेलेला शिपाई रायफल जमा करून येई, खिशातली किरकोळ वस्तू मात्र घरी येई. शिवाय विदर्भाच्या जंगलपट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांची अवजारं वेगळी.

अशी वस्तू हाती आली की लोक आधी तिच्यावर शिक्का शोधतात. मला तो क्रम उलटा वाटतो. ही वस्तू कुठली घाण काढायला केली होती, हे आधी विचारावं. बंदुकीची नळी प्रत्येक काळात वेगळ्या कारणानं काळी झाली, आणि अवजार त्या कारणामागून आलं.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असे: सोरा, कोळसा आणि गंधक. ती पूर्ण जळत नाही. वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घट्ट राख होऊन मागे राहतो, नळीला चिकटतो आणि हवेतला ओलावा ओढतो. चारदोन बारांनंतर गोळी खाली ठासायलाच जड जाई. 1857 मध्ये ज्या चरबीच्या काडतुसांनी आग लावली, त्यांतली चरबी याचसाठी होती. ती गोळीला वंगण देई आणि राख मऊ ठेवी. ही राख पाण्यात विरघळते, म्हणून त्या काळची सफाई पाण्याची. गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून नळी धुवायची, मग कोरडी करून तेल द्यायचं. गजाच्या एका टोकाला आटे दिसले तर तिथे काहीतरी बसत होतं हे ओळखावं. बहुधा तो दोन पोलादी तारांचा, स्क्रूसारखा वळलेला आकडा असतो. आत अडकलेली चिंधी किंवा न उडालेला बार त्यानं बाहेर ओढत. एका साखळीला बारीक सुई आणि छोटा ब्रश लटकत असेल तर जोडी चकमकीच्या बंदुकीची: सुईनं कान, म्हणजे बार पेटवायचं भोक, मोकळा करायचा, ब्रशनं रंजकाची वाटी झाडायची. टोपीची बंदूक आली तशी ही जोडी मागे पडली, आणि टोपी बसवायची निपल काढायची चावी आली. नुसत्या एवढ्यावरून वस्तू चकमकीच्या काळातली की टोपीच्या, हे बहुतेक वेळा कळतं.

थ्री-नॉट-थ्रीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली, राख जवळपास संपली, आणि 1899 च्या ली-एनफिल्डमधून नळीखालचा गजही गेला. नळी स्वच्छ दिसू लागली, तरी गंजत राहिली. दोष काडतुसाच्या बुडातल्या टोपीत होता. तिच्यातलं पोटॅशियम क्लोरेट पेटलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि ते मिठाचंच भावंड. ते डोळ्यांना दिसत नाही, तेलात विरघळत नाही, ओल मात्र धरून ठेवतं. तेल लावून ठेवलेली रायफल पावसाळ्यात आतून गंजे, ती या मिठामुळे. उपाय गरम पाण्याचा: नळीच्या मागच्या बाजूनं नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचं. पाणी मीठ वाहून नेतं, आणि तापलेलं लोखंड स्वतःच वाळतं. त्यामुळे लांब, वाकड्या मानेचं नरसाळं हेही सफाईचंच अवजार आहे. ते रॉकेलचं समजून भंगारात जातं.

मुख्य अवजार पुल-थ्रू. एक पितळी वजन, त्याला जाड दोरी, दोरीत फासे. बोल्ट काढून वजन मागच्या बाजूनं नळीत सोडायचं, पुढे तोंडातून बाहेर आलं की दोरी एका दमात सरळ ओढायची. वजनाजवळचा पहिला फासा तारेच्या जाळीसाठी, दुसरा चिंधीसाठी. तिसरा अडचणीसाठी: चिंधी आत अडकली किंवा दोरी तुटली तर मागून ओढून काढायला. जाळी रोज वापरायची नसे. नळीत हट्टी मळ किंवा गंज धरला तरच. चिंधीही वाटेल तशी फाडत नसत. चार इंच रुंद फ्लॅनेलच्या गुंडाळीवर दर दोन इंचांवर लाल धागा विणलेला असे, त्यावर फाडायचं. तेल देताना तुकडा थोडा लहान, दीड इंचाचा, नाहीतर नळीत शिरतानाच सगळं तेल निथळून जातं. दोरी तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाची कड झिजवते आणि नेम बिघडतो; एनसीसीत उस्तादाची ओरड खाल्लेल्यांना हे ठाऊक असेल.

पितळी वजन पुल-थ्रूचंच आहे का, हे तपासणं सोपं. नळीचा व्यास 7.7 मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीहून किंचित जास्त. वजन त्याहून जाड असेल तर ते दुसऱ्या कशाचं तरी आहे.

कुप्या आधी पितळी होत्या. दुसऱ्या महायुद्धात पितळ काडतुसांना कमी पडू लागलं तेव्हा पोलादी आणि काळ्या प्लास्टिकच्याही निघाल्या. टोपणाखाली चामड्याची चकती असते. ती जागेवर असेल तर कुपी सहसा अस्सल आणि न छेडलेली.

मीठ सगळ्यांच्याच नळीत होतं, उपाय मात्र देशागणिक बदलले. रशियन मोसिन रायफलीसोबत दोन खणांची तेलाची डबी येई. एका खणात क्षारयुक्त द्रावण, दुसऱ्यात तेल, आणि झाकणांवर रशियन अक्षरं. जर्मनांनी 1934 मध्ये पत्र्याची चपटी पेटी काढली. तिच्यात दोरीऐवजी साखळी, दोन ब्रश आणि तेलाची डबी असते. पेटीवर कारखान्याचं नाव किंवा सांकेतिक अक्षरं आणि साल. मराठा पलटणी इटलीत लढल्या, नामदेव जाधवांना 1945 मध्ये सेनिओ नदीकाठच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडून आठवण म्हणून अशी पेटी एखाद्या घरात आली असणं अशक्य नाही.

शिक्क्यांकडे आता वळावं. ब्रिटिश सरकारी मालावर तीन रेघांचा बाण असतो. त्याखाली इंग्रजी आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. सी अक्षराच्या आत बाण म्हणजे कॅनडा, दोन डींच्या मधे बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया. दोन बाण टोकाला टोक लावून उमटवले असतील तर वस्तू सरकारनं विकून टाकली. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याची अक्षरं आरएफआय. जोडीनं जुनी रिकामी पुंगळी सापडली आणि तिच्या बुडावर केएफ दिसलं, तर ती खडकीची. म्हणजे ज्या मिठाशी पुल-थ्रू झगडत होता, त्यातलं बरंचसं पुण्यातूनच येत होतं! शिक्का आणि वस्तू यांचा मेळ बसला नाही तर माझा विश्वास वस्तूवर. बाणाचा ठसा कुणीही नव्यानं मारू शकतो; पितळाची आतून झालेली झीज नाही मारता येत.

एक विनंती: चिंच-मीठ लावून घासू नका. बाणाची रेघ मुळातच बारीक असते, दोन घासण्यांत जाते. कोरड्या मऊ कापडानं पुसा. पोलादी कुपीला मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. दोरी धुऊ नका, कुजते. कुणाच्या घरून, कुठल्या गावातून, कुठल्या पलटणीच्या माणसाकडून आली, हे कागदावर लिहून दोऱ्यानं बांधा, डिंकानं चिकटवू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही.

कुपी, पुल-थ्रू, ब्रश, नरसाळं यांना हत्यार म्हणत नाहीत. त्याच डब्यात बोल्ट, नळी किंवा भरलेलं काडतूस असेल तर गोष्ट वेगळी. 1959 च्या शस्त्र कायद्यात हत्याराचे सुटे भागही येतात. काडतूस हलवू-उघडू नये, घरी ठेवू नये, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. जागेवरच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावं.